हाच डोह का?

मनाचे छंद : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण गिर्यारोहकांच्या मनाचा विचार केला. या वेळी अकोले तालुक्यातल्या नदीकाठी जाऊ. रतनगडाच्या परिसरातून येणारी प्रवरा आणि हरिश्चंद्रगडाच्या रांगेतून येणारी मुळा, या दोन्ही नद्यांच्या काठी सुटीच्या दिवशी गळ टाकून बसलेली माणसं दिसतात. पोटासाठी जाळं टाकणाऱ्यांची गोष्ट वेगळी. ही हौशी मंडळी संध्याकाळी अनेकदा रिकाम्या हातानं परततात आणि पुढच्या सुटीला पुन्हा त्याच दगडावर येऊन बसतात. असं का होतं?

पहिलं उत्तर बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांत सापडतं. बक्षीस दर वेळी मिळालं, तर ते बंद होताच प्रयत्नही लवकर थांबतात. ते कधी मिळेल याचा नेम नसला, तर प्रयत्न फार काळ टिकतात. गळाचं नेमकं तेच आहे. दुसरं उत्तर रेचेल आणि स्टीफन कॅप्लन यांचं. वाहतं पाणी लक्ष वेधतं, पण त्यासाठी मनाला कष्ट पडत नाहीत. कामानं थकलेली एकाग्रता अशा वेळी भरून येते, असं त्यांनी १९८९च्या ग्रंथात मांडलं.

पण या दोन्ही उत्तरांना कुठलंही वाहतं पाणी चालेल. मग हाच डोह का? अमेरिकेतल्या ट्राउट पकडणाऱ्यांचा अभ्यास करून हॉब्सन ब्रायन यांनी १९७७ मध्ये दाखवलं, की नवख्याला कुठलाही मासा चालतो. मुरलेल्याला मात्र पाणी आणि परिसर महत्त्वाचा वाटू लागतो. आपल्याकडेही नवखा चिलापीवर खूश असतो. मुरलेल्याला ठाऊक असतं, की मरळ काठच्या पाणवनस्पतींत दबा धरते आणि वांब दिवसा दगडांच्या कपारीत असते. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणातून आवर्तन सुटलं, की भर उन्हाळ्यात प्रवरा चढते; त्याआधी काठ सोडायचा, हेही त्याला कळतं. हे ज्ञान त्या जागेबाहेर फारसं उपयोगी पडत नाही. म्हणून जागा सोडणं जड जातं.

मानसशास्त्र या ओढीचे दोन पदर सांगतं. एक गरजेचा : इथं मासा मिळतो. दुसरा ओळखीचा : मी इथला आहे. निळवंडे धरणाच्या जलाशयानं प्रवरेचा मोठा काठ पोटात घेतला. जलाशयात मासे आहेत, त्यामुळे गरज भागू शकते. पण आजोबांनी दाखवलेली कपार पाण्याखाली गेली, तर तिची जागा दुसरा काठ घेत नाही.

हा दुसरा पदर नदीच्या कामाचा आहे. ज्याला फक्त मासा हवा, तो जिलेटीनचा स्फोट करून किंवा पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकून एका दिवसात डोह रिकामा करतो. डोहाशी नातं असलेला माणूस पहिल्या पावसात अंड्यांनी भरलेले चढणीचे मासे जाऊ देतो, कारण त्याला पुढच्या वर्षीही तिथंच बसायचं असतं. ही ओढ आपोआप नियम बनत नाही; तिला गावाची साथ लागते. म्हणून ग्रामसभेत नदीचा विषय निघेल, तेव्हा वर्षानुवर्षं काठी बसणाऱ्या या माणसांना आवर्जून बोलवावं. कोणता डोह कधी आटला, कोणता मासा दिसेनासा झाला, हे त्यांना आधी कळतं.

(पुढील लेखांकात : पक्षिनिरीक्षकाची वही)