‘ऑनर’ हे क्रियापद आणि आपली पत

इंग्रजीतील ‘ऑनर’ हा शब्द मान, प्रतिष्ठा या अर्थाने बहुतेकांना परिचित आहे. बँकेत मात्र तो क्रियापद होऊन वावरतो. पाहुण्याचा सन्मान करणे, दिलेला शब्द पाळणे आणि सादर झालेल्या चेकचे पैसे देणे, या तिन्ही क्रियांना इंग्रजीत हे एकच क्रियापद चालते. आपल्याकडे पाहुण्याचा मान राखतात, शब्द पाळतात, चेक वटतो आणि हुंडी सकारली जाते. कायद्याच्या मराठीने इंग्रजीचे बोट धरले आणि ‘धनादेशाचा अनादर’ हा प्रयोग रूढ झाला. कानाला तो खटकतो. कागदाचा कसला आदर?

परंतु 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचे कलम 31 पाहावे. खात्यात पुरेशी रक्कम असूनही बँकेने चेक चुकीने परत केला, तर भरपाई मिळते ती चेक लिहिणाऱ्याला, तो घेऊन आलेल्याला नव्हे. कारण बाजारात पत जाते ती लिहिणाऱ्याची. बँकिंगच्या पुस्तकांत याला जोडून एक नियम येतो: परत गेलेला चेक जितका लहान रकमेचा, तितकी व्यापाऱ्याच्या पतीची हानी मोठी. इतवारीतल्या दुकानदाराला हे उकलून सांगावे लागू नये. ‘एवढेही खात्यात नव्हते?’ हा प्रश्न लहान रकमेच्याच वेळी उठतो.

याच कायद्यात ‘ॲक्सेप्टन्स फॉर ऑनर’ अशी एक तरतूद आहे. नाकारले गेलेले बिल तिऱ्हाईत मनुष्य, धारकाच्या संमतीने, संबंधितांपैकी कोणाची तरी अब्रू राखण्यासाठी स्वीकारू शकतो. हुंडीच्या व्यवहारात हेच काम जिकरी चिठ्ठी करीत असे. ज्याच्यावर हुंडी काढली त्याने नकारली, तर त्याच गावातील दुसऱ्या पेढीने ती सकारावी, अशी विनंती त्या चिठ्ठीत असे. इंग्रजी क्रियापद आपल्या सराफांना ठाऊक नव्हते, त्यातला अर्थ पुरता ठाऊक होता.

आज आपण ‘चेक बाऊन्स झाला’ म्हणतो. या वाक्यात कर्ता चेक आहे, लिहिणारा मनुष्य कुठेच नाही! 1 एप्रिल 1989 पासून अंमलात आलेल्या कलम 138 ने त्याला पुन्हा पुढे आणले. रक्कम अपुरी म्हणून चेक परत आल्याचे कळल्यापासून 30 दिवसांत धारकाने लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांच्या आत लिहिणाऱ्याने पैसे चुकते केले, तर या कलमाखाली गुन्हा घडतच नाही.