वर्गमूळाचा अंदाज

बेंगळुरू येथे १९२९ साली जन्मलेल्या शकुंतलादेवींनी १९७७ मध्ये अमेरिकेत २०१ अंकी संख्येचे तेविसावे मूळ ५० सेकंदांत मनातल्या मनात काढले. अशी प्रतिभा विरळाच. परंतु वर्गमूळाचा अंदाज आपणा सर्वांनाच बांधता येतो.

बेंगळुरूत ३० फूट रुंद व ४० फूट लांब भूखंड सर्वपरिचित आहे. त्याचे क्षेत्रफळ १२०० चौरस फूट होते. तेवढ्याच क्षेत्रफळाचा चौरसाकृती भूखंड असेल, तर त्याची बाजू किती असेल?

३४ चा वर्ग ११५६ आणि ३५ चा वर्ग १२२५ आहे. म्हणून बाजू ३४ व ३५ फुटांच्या दरम्यान असणार. या दोन वर्गांत ६९ चे अंतर आहे. १२०० ही संख्या ११५६ पेक्षा ४४ ने मोठी आहे. ४४ ला ६९ ने भागल्यास सुमारे ०.६ येतात. म्हणजे बाजू सुमारे ३४.६ फूट. पडताळा घ्या : ३४.६ चा वर्ग ११९७.१६ येतो.

आता मोजणीत प्रत्येक बाजू ३३ फूटच भरली, तर जागा १०८९ चौरस फूट, म्हणजे १११ चौरस फुटांनी कमी आहे, हे कागदावर सही करण्यापूर्वीच आपल्या ध्यानात येईल.

करून पाहा : ६०० चौरस फुटांच्या चौरसाकृती जागेची बाजू अंदाजे किती?