मान आखडली नाही, म्हणून मेनिन्जायटिस नाही?

ताप, डोकेदुखी आणि आखडलेली मान ही मेनिन्जायटिसची, म्हणजे मेंदूवरच्या आवरणाच्या दाहाची, पाठ झालेली ओळख. शाळकरी मुलांत आणि तरुणांत ती बऱ्याचदा जुळते. जोडीला उलट्या, उजेड सहन न होणं, ग्लानी. पण तान्ह्या बाळांत आणि म्हाताऱ्या माणसांत याच ओळखीवर विसंबून मोलाचे तास वाया जातात.

गैरसमज : बाळाला ताप नाही, मानही मऊ आहे, मग काळजी कसली?

पहिल्या महिन्यात ताप येईलच असं नाही. उलट अंग गार पडू शकतं. बाळ दूध ओढत नाही, मलूल पडतं, किरकिरतं, श्वास अडखळतो, झटके येतात. मान तर बहुधा आखडतच नाही. एरवी रडणारं मूल उचलून घेतलं की शांत होतं. इथं उचललं, लंगोट बदलायला पाय वर केले की ते जास्तच कळवळतं, कारण त्या हालचालीनं सुजलेली आवरणं ताणली जातात. टाळू पाहायची तर बाळ शांत असताना, उभं धरून पाहावी. रडताना ती फुगतेच. शांत असतानाही फुगलेली, ताठ लागली तर थांबू नये. आणि टाळू सपाट आहे म्हणून निर्धास्तही राहू नये. अशा वेळी ‘दात येतायत’, ‘दृष्ट लागली’ म्हणत रात्र काढणं बाळाच्या जिवावर बेतू शकतं.

गैरसमज : आजोबा असंबद्ध बोलतायत, ते वयामुळे.

कालपर्यंत नीट बोलणारा माणूस आज भ्रमल्यासारखा वागला, तर ते वय नव्हे. उतारवयात ताप कमी असू शकतो. मानेच्या मणक्यांची झीज असली तर मान आधीपासूनच ताठ असते, त्यामुळे आखडलेली मान असूनही लक्षात येत नाही. न्यूमोनिया, फुटलेला कान, मधुमेह असेल तर शंका आणखी बळावते. मुळात प्रौढांतही ती ओळख पुरी पडत नाही. नेदरलँड्समधल्या 2004 सालच्या मोठ्या अभ्यासात ताप, आखडलेली मान आणि बदललेली शुद्ध ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली ती फक्त 44 टक्के वेळा.

गैरसमज : ताप वाढला की डोक्यात जातो.

ताप कुठं चढत नाही. नाक-घशातले जिवाणू रक्तात शिरतात आणि आवरणापर्यंत पोहोचतात. ताप हा त्याचा परिणाम. म्हणून ताप उतरवला तरी आजार तसाच राहतो.

गैरसमज : पाठीतलं पाणी काढलं की पाय जातात.

सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली टोचतात. नेमका जिवाणू आणि नेमकं औषध त्याच पाण्यातून कळतं. दुकानातून आणलेल्या अँटिबायोटिकच्या दोन-चार गोळ्या आधी दिल्या, तर जिवाणू तपासात सापडेलच असं नाही आणि आजार मात्र पुढे सरकतो.

गैरसमज : लस घेतली, आता हा आजार होणारच नाही.

सरकारी लसीकरणातली पेंटाव्हॅलंट लस हिब जिवाणूपासून आणि पीसीव्ही न्यूमोकोकसपासून संरक्षण देते. दोन्ही द्यायलाच हव्यात. पण हा आजार करणारे सगळेच जिवाणू त्यांत येत नाहीत.

बरं झाल्यावरही एक काम उरतं. या आजारानं ऐकू येणं जाऊ शकतं आणि लहान मूल ते सांगू शकत नाही. डिस्चार्जच्या कागदावर कानांची तपासणी लिहिलेली नसेल, तर डॉक्टरांना आपणहून विचारा.