हिमाचे वितळणे आणि तैलरंगाचे वाळणे : रशियन निसर्गचित्रातील शिशिर-वसंत संक्रमण

प्रास्ताविक

ऋतुचित्रणाची परंपरा पूर्व आणि पश्चिम या दोन्हीकडे जुनी आहे. तथापि बहुतेक ऋतुचित्रे ऋतू स्थिरावल्यानंतरची असतात. भर हिवाळा, बहरलेला वसंत, पिकलेले शेत हे चित्रकाराला आवडणारे विषय होत, कारण ते काही काळ तरी जागेवर थांबतात. एक ऋतू संपत आहे आणि दुसरा अद्याप आलेला नाही, अशा संधिकालाचे चित्रण मात्र दुर्मिळ आणि कठीण असते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्या शतकाच्या आरंभी रशियन चित्रकारांनी हा संधिकाल वारंवार हाताळला. अलेक्सेई साव्रासोव, इसाक लेवितान आणि इगोर ग्राबार यांची या विषयावरील तैलचित्रे आज मॉस्कोच्या त्रेत्याकोव संग्रहालयात आहेत.

या चित्रांकडे सामान्यतः भावकाव्य किंवा राष्ट्रीय मनाचे प्रतीक म्हणून पाहिले जाते. ते चूक नाही. परंतु त्यामुळे या चित्रांमागील एक व्यावहारिक पेच दुर्लक्षित राहतो. वितळणारे बर्फ तासागणिक बदलते, तर तैलरंगाचा जाड थर वाळण्यास आठवडे लागतात. माध्यम संथ आणि विषय चपळ, हा तो पेच होय. तिन्ही चित्रकारांनी त्यातून तीन वेगळ्या वाटा काढल्या. प्रस्तुत लेखात त्या वाटांचे विवेचन केले आहे.

तैलरंगच का?

महाराष्ट्रातील स्थळचित्रणाची परंपरा मुख्यतः जलरंगाची असल्याने हा प्रश्न मराठी वाचकाच्या मनात प्रथम उभा राहील. त्याचे पहिले उत्तर साधे आहे : शून्याखालील तापमानात पाणी गोठते. कुंचल्यातील पाणी कागदावर पोहोचण्यापूर्वीच खडे धरू लागते. जवसाचे तेल अशा थंडीत दाट होते, रंग पॅलेटवर जड होतो आणि कुंचला ओढावा लागतो; पण काम थांबत नाही. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकी चित्रकाराने कथिलाच्या दुमडता येणाऱ्या नळीचे पेटंट घेतले. तेव्हापासून तयार तैलरंग खांद्यावरच्या पेटीतून शेतात नेणे सोपे झाले.

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. जलरंगात पांढरा हा बहुधा कागदाचाच पांढरा असतो; तो आधी राखून ठेवावा लागतो आणि एकदा झाकला गेला की परत मिळत नाही. तैलरंगात पांढरा हा स्वतंत्र, अपारदर्शक रंग आहे. तो गडद थरावरही बसतो. सकाळी जेथे बर्फ होते तेथे दुपारी ओली माती दिसू लागली, किंवा सावली सरकून एखादा कडा उजळला, तर तैलरंगात दुरुस्ती करता येते.

या सोयीची किंमतही आहे. तैलरंगाचे वाळणे म्हणजे पाण्यासारखे उडून जाणे नव्हे. तेलाचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन त्याचा घट्ट पापुद्रा बनतो. ही क्रिया थंडीत आणखी मंदावते. शिशापासून केलेला पांढरा तुलनेने लवकर वाळतो आणि किंचित उबदार दिसतो, तर जस्तापासून केलेला पांढरा अधिक थंड छटेचा असतो, पण उशिरा वाळतो. टायटॅनियमचा पांढरा त्या काळी बाजारात नव्हता. परिणामी उघड्यावर काम करणाऱ्या चित्रकाराला ओल्या रंगावरच ओला रंग चढवावा लागे; आणि निळ्या सावलीवर पिवळसर प्रकाश ठेवताना हात जरा जड पडला, तर दोन्ही मिसळून राखी चिखल तयार होई.

बर्फ पांढरे नसते

बर्फाला स्वतःचा रंग जवळजवळ नसतो. त्याच्यावर पडणारा प्रकाश ते परत पाठवते. ताजे हिम दृश्य प्रकाशाचा सुमारे ८० ते ९० टक्के भाग परावर्तित करते. वितळू लागल्यावर त्याचे कण मोठे होतात, त्यांच्यात पाणी साठते, धूळ वर येते आणि हे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखालीही उतरते. सूर्यप्रकाशातील बर्फ उबदार दिसते. सावलीतील बर्फावर मात्र थेट सूर्यप्रकाश पोहोचत नाही. तेथे फक्त आकाशाचा प्रकाश असतो, आणि निरभ्र आकाश निळे असल्याने सावलीही निळी होते.

मग हे रंग हिवाळा संपतानाच इतके उठून का दिसतात? मॉस्को सुमारे ५५.७५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे डिसेंबर अखेरीस मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ११ अंश वर येतो आणि दिवस सात तासांचा असतो. मार्चमधील विषुवदिनी तोच सूर्य ३४ अंशांवर असतो आणि दिवस बारा तासांचा. म्हणजे प्रकाश वसंताचा, पण जमिनीवरचे बर्फ अजून हिवाळ्याचे. हा विरोध वर्षातून काही आठवडेच टिकतो.

साव्रासोव : स्थळ आणि चित्रशाळा

साव्रासोव यांचे ‘रूक पक्षी आले’ हे चित्र १८७१ चे आहे. रूक हा कावळ्याच्या कुळातील पक्षी असून त्याचे परतणे ही रशियात वसंताची खूण मानली जाते. चित्रात वाकडे भूर्जवृक्ष, त्यांवरील घरटी, कुंपणापलीकडे चर्चचा मनोरा, मळकट बर्फ आणि साचलेले पाणी आहे. झाडाखाली एक पक्षी चोचीत काडी धरून उभा आहे. ज्याच्या सालीवर आपल्याकडे पोथ्या लिहिल्या गेल्या, त्या हिमालयीन भूर्जाचाच हा उत्तरेकडील भाऊबंद.

या चित्रासाठीचे अभ्यास कोस्त्रोमा प्रांतातील मोल्वितिनो या गावी झाले आणि चित्र पुढे मॉस्कोत पूर्ण करण्यात आले. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘पेरेद्विझ्निकी’ म्हणजे फिरती प्रदर्शने भरविणाऱ्या कलावंतांच्या संघाच्या पहिल्या प्रदर्शनात ते मांडले गेले. मोकळ्या हवेत पूर्ण झालेले चित्रच अधिक सच्चे असा आग्रह धरणाऱ्यांना ही पद्धत तडजोडीची वाटेल. वस्तुतः येथे निवडलेला प्रकाशच या पद्धतीला पोषक आहे. आकाश ढगाळ, झिरपत्या उजेडाचे आहे आणि बर्फावरील सावल्या अगदी फिकट आहेत. असा प्रकाश तासन् तास फारसा बदलत नाही आणि स्मरणातही टिकतो. साव्रासोव यांनी पुढे याच विषयाच्या अनेक आवृत्त्या केल्या. चित्र स्मृतीवर उभे असल्याविना ते शक्य झाले नसते.

लेवितान आणि पंचांगाचा प्रश्न

मॉस्कोच्या चित्र, शिल्प व वास्तुकला विद्यालयात साव्रासोव यांचे विद्यार्थी असलेल्या लेवितान यांनी १८९५ मध्ये ‘मार्च’ रंगविले. स्थळ त्वेर प्रांतातील गोर्का ही जमीनदारी. पिवळ्या भिंतीचे घर, दाराशी घसरगाडीला जुंपलेला घोडा, उंच झाडावर पक्ष्यांसाठी टांगलेले लाकडी घर आणि पुढे चिखलाळलेली बर्फाची वाट. येथे सूर्य उघडा आहे, आणि सावली कोठेही थांबत नाही. पृथ्वीच्या परिवलनामुळे सूर्य तासाला १५ अंश सरकतो. लेवितान यांनी चित्र बहुतांशी निसर्गासमोरच रंगविले. त्यासाठी कॅनव्हास ६० बाय ७५ सेंटिमीटर इतका आटोपशीर घेतला आणि निळा व पिवळा या दोन रंगांच्या संबंधावर सारी रचना सोपविली. तपशील थोडके ठेवल्याने वेग साधला.

शीर्षकाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. रशियात १९१८ पर्यंत जूलियन दिनदर्शिका प्रचलित होती आणि एकोणिसाव्या शतकात ती ग्रेगोरियन दिनदर्शिकेच्या १२ दिवस मागे होती. त्यामुळे १८९५ चा रशियन मार्च म्हणजे आजच्या हिशेबाने १३ मार्च ते १२ एप्रिल. विसाव्या शतकात हा फरक १३ दिवसांचा झाला. म्हणून १९०४ चा रशियन फेब्रुवारी १४ फेब्रुवारी ते १३ मार्च असा येतो. चित्रांच्या शीर्षकांवरून ऋतूचा अंदाज बांधणाऱ्या अभ्यासकांकडून हा फरक सहज निसटतो, आणि मग फेब्रुवारीतील इतका प्रखर प्रकाश अतिशयोक्त वाटू लागतो.

ग्राबार : खंदकातील चित्रकार

ग्राबार यांचे ‘फेब्रुवारीची निळाई’ (१९०४) हे या संदर्भात सर्वांत बोधप्रद उदाहरण होय. त्यांच्या १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात या चित्राची हकीकत तपशिलाने आली आहे. मॉस्कोजवळील दुगिनो येथे, चित्रकार निकोलाय मेश्चेरिन यांच्या घरी, ग्राबार त्या हिवाळ्यात राहिले होते. एका सकाळी फिरताना त्यांच्या हातातील काठी पडली. ती उचलण्यासाठी वाकले असता त्यांची नजर खालून वर एका भूर्जवृक्षाकडे गेली आणि निळ्या आकाशावर पसरलेल्या त्या फांद्यांनी ते थक्क झाले. घरी धावत जाऊन त्यांनी कॅनव्हास आणला आणि एका बैठकीत प्राथमिक चित्र केले. दुसऱ्या दिवशी आणखी एक.

मुख्य चित्र मात्र १४१ बाय ८३ सेंटिमीटरचे, म्हणजे एका बैठकीत न आवरणारे. त्यासाठी त्यांनी मीटरभराहून अधिक खोल बर्फात खंदक खणला आणि ईझलसह त्यात उतरून काम केले. यातून दोन गोष्टी साधल्या. पहिली म्हणजे काठी उचलतानाची ती खालची दृष्टिरेषा कायमची हाती आली. क्षितिज अगदी खाली गेले आणि झाड आकाशभर उंचावले.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. भर उन्हात रंगविणाऱ्या प्रत्येकाला भेटणारा धोका असा, की उन्हाने उजळलेला कॅनव्हास स्वतःच लखलखतो. चित्रकाराला रंग पुरेसे तेजस्वी वाटतात, तो हात आवरता घेतो आणि चित्र खोलीत आणल्यावर काळवंडलेले दिसते. भोवताली तापलेले बर्फ असेल तर त्याचा उबदार परावर्तित प्रकाश कॅनव्हासवर पडून रंगांचा निवाडा आणखी बिघडतो. ग्राबार यांनी निळी रंगविलेली छत्री वापरली आणि कॅनव्हासही नेहमीप्रमाणे जमिनीकडे झुकता न ठेवता आकाशाच्या निळाईकडे वळविला. त्यामुळे चित्रपृष्ठ थंड सावलीत राहिले. अशा सावलीत साधा रंग मलूल दिसतो, म्हणून रंगाची तीव्रता तिपटीने वाढविणे त्यांना भाग पडले. या चित्रातील निळ्याचे बळ केवळ भावनेच्या उमाळ्यातून आलेले नाही. मोजूनमापून उभारलेल्या अडथळ्याचे ते फळ आहे.

म्युनिकमध्ये शिक्षण घेतलेल्या ग्राबार यांना रंग न मिसळता शेजारी शेजारी ठेवण्याचे विभाजनवादी तंत्र अवगत होते. ओल्या रंगाच्या चिखलावर हाच उत्तम उपाय ठरला, कारण वेगळ्या ठेवलेल्या ठिपक्यांना एकमेकांच्या वाळण्याची वाट पाहावी लागत नाही. सूर्यप्रकाशाचे दिवस सलग लाभल्याने काम तडीस गेले. तोवरच्या आपल्या चित्रांत हेच सर्वांत महत्त्वाचे असे त्यांना वाटले.

त्याच वर्षी, बर्फ खरोखरच वितळू लागल्यावर, त्यांनी ‘मार्चचे हिम’ रंगविले. पायवाटांनी तुडविलेले भुसभुशीत बर्फ, त्यावरील निळ्या सावल्या आणि खांद्यावर पाण्याच्या बादल्यांची कावड घेऊन जाणारी एक ग्रामीण स्त्री. येथे खंदक खणण्याइतकी उसंत नव्हती. आपण आवेगात, तोलमापाचा विचार न करता, कॅनव्हासवर रंग अक्षरशः फेकत होतो, अशा आशयाचे वर्णन ग्राबार यांनी केले आहे. चित्र ८० बाय ६२ सेंटिमीटरचे आहे, म्हणजे ‘निळाई’च्या निम्म्याहूनही लहान. रंगाचे जाड, उंचसखल फटकारे त्यावर आजही तसेच दिसतात.