परसातली माशी ओळखा तिच्या घरावरून

पावसाळा लागला की शिरपूर जैनच्या वस्तीत घरामागच्या टिनाखाली, न्हाणीच्या भिंतीवर, तुराट्यांच्या कुडावर बारीक कमरेच्या माश्या घिरट्या घालू लागतात. "गांधीलमाशी आली" म्हणून आरडाओरड होते आणि कुणीतरी काठीला चिंधी बांधून पेटवतो. टिनाखाली तुराट्या आणि गोवऱ्या रचलेल्या. माशी उडून जाईल, घर मात्र पेटेल. म्हणून आधी दूर उभे राहून दोन मिनिटे पाहा. माशी नीट दिसत नसेल तर तिचे घर पाहा.

घर मातीचे असेल तर ती कुंभारीण. भिंतीच्या कोपऱ्यात चिखलाचा लांबट गोळा किंवा तोंडाला काठ असलेले इवलेसे मडके दिसते. लांब गोळा करणारी काळी असते, पाय पिवळे, कंबर दोऱ्यासारखी. ती एकटी राहते, राखण करायला तिच्याकडे फौज नाही. हातात धरली तर डसेल, एरवी अंगावर येत नाही. तिचे जुने घर फोडून पाहिले तर आत बेशुद्ध कोळी किंवा अळ्या भरलेल्या सापडतात. ती पिलांची शिदोरी. हिला मारायचे काहीच कारण नाही.

एक माशी हिरवी-निळी, काचेसारखी चमकणारी असते, मांड्या लाल. मोरीजवळ किंवा भिंतीच्या भेगांत धावताना दिसते आणि बाया घाबरतात. ही झुरळाची शिकारी. झुरळाला आधी छातीत आणि मग थेट मेंदूत डंख मारते. झुरळ मरत नाही, पण पळायची इच्छा त्याला राहत नाही. मग मिशीला धरून, बैलाला कासऱ्याने न्यावे तशी, ही माशी त्याला बिळात नेते, पायावर अंडे घालते आणि खड्यांनी तोंड बुजवते. ज्या घरात झुरळे, त्या घरात ही आली तर पाहुणी समजावी.

आता खरी गांधीलमाशी, जिला कुणी गांधीणमाशीही म्हणतात. तिचे पोळे राखाडी कागदासारखे असते, उघड्या घरांचे, देठाने खाली लटकलेले. लाकूड कुरतडून, लाळेत मळून ती हा कागद बनवते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी अशाच एका जातीचा अनेक वर्षे अभ्यास केला. तिची राणी दिसायला इतर माश्यांसारखीच असते. पोळ्याला धक्का लागला की या माश्या डसतात, आणि काटा अंगात अडकून राहत नसल्याने एकच माशी पुन्हा पुन्हा डसू शकते. पण पिकावरच्या अळ्याही त्याच खातात. पोळे वाटेपासून दूर असेल तर राहू द्या.

काळसर अंगावर रुंद पिवळा पट्टा असलेली, बोटाच्या पेराएवढी जाड माशी झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत येत-जात असेल तर मात्र मुलांना तिथून दूर ठेवा. ते भोक बुजवू नका, धूर करू नका. माहीतगार माणसाकडूनच काढून घ्या. झाडाच्या उंच फांदीवर मेणाचे एकच मोठे उघडे पोळे असेल तर ते आग्या मोहोळ. त्याच्या खाली शेकोटी नको, दगड तर नकोच.

एवढे करूनही कुणाला डसलीच तर आधी तिथून लांब जा. हात झटकत बसू नका. मधमाशीचा काटा रुतून राहतो, तो नखाने किंवा कशानेही लगेच काढा. कसा काढला यापेक्षा लवकर काढला हे महत्त्वाचे. हातावर डसली असेल तर सूज चढण्यापूर्वी बांगड्या, अंगठी उतरवा. साबणाने धुवा, गार पाण्याची घडी ठेवा. चुना, रॉकेल, शेण काही लावू नका. लोखंड घासल्याने किंवा अंगारा लावल्याने विष उतरत नाही, वेळ जातो. डसल्या जागी सूज दोन दिवस वाढू शकते, तेवढ्याने घाबरू नये.

घाबरायचे ते वेगळ्या गोष्टीला. अंगभर गांधी उठणे, ओठ-जीभ सुजणे, धाप लागणे, घोगरा आवाज, उलटी, चक्कर. हे काही मिनिटांतही होते आणि एकाच डंखानेही होते. अशा वेळी १०८ ला फोन करा. माणसाला आडवे करून पाय थोडे उंच ठेवा. धाप असेल तर बसू द्या, पण चालवू नका. यावरचे औषध म्हणजे मांडीत दिले जाणारे ॲड्रेनालिनचे इंजेक्शन, ते दवाखान्यातच मिळेल. एकदा असे झालेल्या माणसाने पोळ्याजवळ पुन्हा जाऊ नये.

तोंडात किंवा घशात डसली, किंवा लेकराला-म्हाताऱ्याला अनेक माश्या डसल्या, तर बरे वाटत असले तरी दवाखाना गाठा. खूप डंख झाले की विषाने मूत्रपिंड बिघडू शकते आणि ते एक-दोन दिवसांनी कळते. लघवी कमी झाली किंवा काळ्या चहासारखी झाली तर मालेगाव, वाशिम, जिथे लवकर पोचता येईल तिथे न्या. किती वाजता डसली आणि अंदाजे किती डंख आहेत, हे डॉक्टरांना सांगा.