खोटं बोलणारी चिप आणि २०० मिलिसेकंदांची झोप

विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ न पेलणारा जुना डेस्कटॉप भंगारात घालायचा नसेल, तर त्यावर लिनक्स टाकणं हा उत्तम मार्ग. अशा संगणकात ब्लूटूथ बहुधा नसतंच. मग सोलापुरात नवी पेठेतल्या एखाद्या दुकानातून नखाएवढा यूएसबी डोंगल आणायचा, पोर्टमध्ये खोचायचा आणि हेडफोन जोडायचा. गाणं सुरू होतं. ते सुरू कसं होतं हे खोलात जाऊन पाहिलं, की थक्क व्हायला होतं.

आधी हवेतली गोष्ट. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. भारतात हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ साली परवानामुक्त झाला, त्यामुळे तिथे वायफायचीही गर्दी आणि शेजारच्या मायक्रोवेव्हचाही गोंगाट. या गर्दीतून वाट काढायला डोंगल आणि हेडफोन ७९ वाहिन्यांवर उड्या मारतात, सेकंदाला १६०० वेळा. पुढची उडी कुठे, हे दोघांनाही आधीपासून माहीत असतं. एखाद्या वाहिनीवर वायफाय ठाण मांडून बसलंय असं लक्षात आलं, तर दोघं मिळून ती वाहिनी यादीतून वगळतात.

अशा उड्यांचं एक पेटंट ११ ऑगस्ट १९४२ चं आहे. ते होतं अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथील यांचं. पाणतीराला रेडिओवरून दिशा देताना शत्रूला अडथळा आणता येऊ नये, म्हणून त्यांनी ८८ वारंवारिता योजल्या, पियानोच्या पट्ट्यांइतक्या. कुठून कुठे उडी मारायची ते ठरवायला त्यांनी आपोआप वाजणाऱ्या पियानोची भोकं पाडलेली कागदी गुंडाळी घेतली. सोलापूरकराला हे नवं वाटायला नको. आपल्या पूर्व भागात जॅकार्डच्या मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते, भोक असेल तिथला ताण्याचा धागा उचलला जातो आणि चादरीवर नक्षी उमटत जाते. आजच्या ब्लूटूथमध्ये कागद नाही. उड्यांचा क्रम मुख्य उपकरणाचा पत्ता आणि त्याचं घड्याळ यांवरून चिप स्वतः काढते.

ब्लूटूथच्या उड्यांचं सगळं त्याच्या प्रमाणग्रंथात लिहिलेलं आहे. खरी कसोटी पुढे, चिप आणि लिनक्स यांच्यातल्या बोलण्यात. ब्लूझी हा लिनक्समधला ब्लूटूथचा भाग क्वालकॉममधल्या मॅक्स क्रास्न्यान्स्की यांनी सुरू केला. २००१ साली तो लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये आला आणि नंतर मार्सेल होल्टमान यांनी बरीच वर्षं सांभाळला. तुम्ही डोंगल खोचला की तो आपली ओळख सांगतो. टर्मिनलवर 'एलएसयूएसबी' ही आज्ञा दिली तर स्वस्तातल्या डोंगलवर पुष्कळदा ०ए१२:०००१ हा क्रमांक दिसतो. हा क्रमांक केंब्रिजच्या सीएसआर कंपनीचा. पण आतली चिप सीएसआरची असेलच असं नाही. नकला करणारे तोच क्रमांक लावतात, म्हणजे संगणक काही न विचारता आत घेतो.

कर्नल मात्र विचारतो. बनवणारा कोण? बनवणारा म्हणून खऱ्या सीएसआरचा क्रमांक १०. काही नकला तेही बरोबर सांगतात, म्हणून पुढचा प्रश्न: ब्लूटूथची आवृत्ती कोणती आणि आतल्या प्रणालीचा क्रमांक कोणता? खऱ्या सीएसआर चिपांमध्ये या दोन आकड्यांची जोडी ठरलेली असते. ती जुळली नाही की चोरी पकडली जाते. ही पारख २०२० साली इस्माएल फेरेरास यांनी पक्की केली. पकडल्यावर कर्नल चिपला हाकलत नाही, सांभाळून घेतो. 'ही आज्ञा मला येते' असं सांगून ऐनवेळी अडखळणारी चिप असेल, तर ती आज्ञा तिला द्यायचीच नाही असं ठरवतो.

सगळ्यात अजब त्यातल्या काही चिपा. त्या सुरू होतात, पण हेडफोनकडून किंवा माउसकडून आलेली माहिती संगणकाकडे पोचवतच नाहीत. कर्नलवर काम करणारे हान्स द खुडे आणि फेरेरास यांनी त्यावर शोधलेला उपाय वाचून मी कितीतरी वेळ कर्नलमधल्या त्या ओळींकडे बघत राहिलो: चिपला एकदा झोपवायचं, २०० मिलिसेकंद थांबायचं आणि उठवायचं. उठली की माहिती वाहू लागते! हे कुठल्याही माहितीपुस्तकात सापडणार नव्हतं. कुणीतरी त्या दोनशे-तीनशे रुपयांच्या वस्तूसमोर चिकाटीने बसलं, म्हणून ते कळलं. मला तर हे फार मोठं ज्ञान वाटतं.

आवाजाचं थोडक्यात सांगतो. गाण्यासाठी एकतर्फी स्टिरिओची वेगळी रीत आहे आणि बोलण्यासाठी दुतर्फी वेगळी. म्हणून मीटिंगमध्ये माइक सुरू झाला की आवाज एकदम डब्यातून आल्यासारखा होतो. बोलण्याच्या जुन्या रीतीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतात, एमएसबीसी या सुधारलेल्या रीतीत १६,०००. लिनक्सच्या डेस्कटॉपवर ही सुधारणा २०२१ च्या सुमारास नीट रुळली. ती पेलणारं विम टायमान्स यांचं पाइपवायर त्याच वर्षी एप्रिलमध्ये फेडोरा ३४ मध्ये आवाजाची मुख्य व्यवस्था म्हणून आलं.

नकला थांबत नाहीत. ओळख न जुळणारी एखादी नवी चिप उद्या आपल्याच बाजारात येऊ शकते. ती अडली तर 'बीटीमॉन' चालवून कर्नल आणि चिप यांच्यातला संवाद टिपता येतो, त्यात आज्ञा आणि उत्तर ओळीने दिसतात. ती नोंद आणि डोंगलचा क्रमांक कर्नलच्या ब्लूटूथ विभागाकडे पाठवला, की पुढच्या आवृत्तीत त्या चिपसाठी दोन ओळी वाढू शकतात.