घर घेताय? आधी गटाराचं प्रमाणपत्र बघा!



ईस्ट बे मध्ये घर बघणाऱ्यांसाठी दोन शब्द. ओकलंड, एमरीव्हिल भागात २०११ पासून टप्प्याटप्प्याने 'ईबीमड'चा नियम लागू झालाय. घर विकताना, किंवा एक लाख डॉलरच्या वरचं बांधकाम काढलं की, घरातून गटाराला जाणारा पाईप गळत नाही असं प्रमाणपत्र लागतं. हा पाईप सरकारचा नाही, घरमालकाचा!

कारणही रास्त आहे. तडकलेल्या पाईपांतून पावसाचं पाणी शिरतं, शुद्धीकरण केंद्राला ते झेपत नाही आणि अर्धवट शुद्ध केलेलं सांडपाणी खाडीत जातं.

पाईप पूर्ण बदलला तर प्रमाणपत्र २० वर्षं चालतं, नुसता चाचणीत पास झाला तर ७. म्हणून मी मित्रांना सांगतो, घासाघीस करण्याआधी तारीख बघा आणि पाईप कोण बदलणार ते करारात लिहून घ्या. नाहीतर अंगण खणायचा खर्च आपल्याच बोकांडी!